किमान वेतन आणि ‘बेगार’ : अजमेरचे दोन दावे

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात ‘किमान’ म्हणजे किती, याची व्याख्या नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४६ मध्ये मांडलेल्या विधेयकातून हा कायदा सिद्ध झाला आणि वेतन संहितेने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेईपर्यंत तो टिकला. त्याच्या हेतूचा उलगडा मात्र बव्हंशी न्यायालयांनीच केला. त्यांतील दोन दावे, योगायोगाने, अजमेर परिसरातले आहेत.

पहिला बिजय कॉटन मिल्सचा. तत्कालीन अजमेर राज्याने ठरविलेले दर परवडत नाहीत म्हणून गिरणी बंद झाली. कमी वेतनावर काम करण्यास अनेक कामगार राजी होते. दोन्ही पक्षांची संमती असता कायद्याने आड का यावे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो फेटाळला : दारिद्र्य आणि असहायता यांतून आलेल्या तयारीचा आधार मालकाला घेता येणार नाही.

दुसरा दावा संजित रॉय यांचा, १९८३ मधला. दुष्काळी कामावर मदनगंज–हरमाडा रस्ता बांधणाऱ्या मजुरांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या. किमान वेतन दिवसाला ७ रुपये. पण मजुरी टोळीच्या कामाच्या मोजमापावर ठरे आणि अनेकींच्या हाती त्याहून कमी पडे. शिवाय अशा कामांना मजूरविषयक कायद्यांतून वगळणारा राजस्थानचा १९६४ चा कायदा होताच. न्या. पी. एन. भगवती यांनी येथे संविधानाचे कलम २३ लावले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांसंबंधी १९८२ च्या निवाड्यात त्यांनीच म्हटले होते की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम ही सक्तीची मजुरीच होय.

या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘बेगार’ हा मूळचा फारसी शब्द अनुवादावाचून राहिला आहे, ही बाब तौलनिक अभ्यासकाने नजरेआड करू नये. मराठीत तोच ‘वेठ’ला जोडून ‘वेठबिगार’ झाला. ‘वेठीस धरणे’ या प्रयोगात धरणारा कोणीतरी असतो. गावकामगार, अंमलदार, जहागीरदार. भगवतींच्या निवाड्यांत ही जागा भूक घेते. सक्ती करणारा हात दिसला नाही तरी ती सक्तीच ठरते.

खंडपीठातील न्या. आर. एस. पाठक यांनी हाच निष्कर्ष समतेच्या कलम १४ वरून काढला. कायद्याच्या दृष्टीने तो मार्ग कदाचित अधिक सरळ. शब्दाच्या इतिहासाला मात्र त्यात जागा नाही. त्या मजुरांना वेतनातील फरक चुकता करण्याचा आदेश झाला.