वाय-फाय जोडलेले, पण नेट नाही: बिघाड कुठे शोधावा?

संगणकावर वाय-फायची खूण दिसते, पण एकही वेबसाइट उघडत नाही. अशा वेळी आधी त्याच वाय-फायवर मोबाइल लावून पाहावा. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवून, नाहीतर फसगत होते. मोबाइलवरही नेट नसेल, तर दोष बहुधा संगणकाचा नाही. फायबर जोडणीच्या यंत्रावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नसतो. बारीक फायबर केबल कुठे मुडपली आहे का ते पाहावे. तसे नसेल तर कंपनीकडे तक्रार करावी. विंडोज नव्याने टाकण्याचा खटाटोप इथे व्यर्थ.

मोबाइलवर नेट चालत असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करावी. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केला की बरेचदा भागते.

पत्ता ठीक असल्यास ‘पिंग ८.८.८.८’ करावे. उत्तर येऊनही वेबसाइट उघडत नसतील, तर संशय डीएनएसवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेवर. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून गूगलचा हाच ८.८.८.८ भरून पाहावा.