तिसऱ्या धावकाची धास्ती

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. लंबगोल चेंडू काखेत दाबून समोरच्या अकरा जणांतून वाट काढणे हा त्याचा गाभा आहे, आणि हे काम ज्याच्याकडे मुख्यत्वे सोपवलेले असते त्या खेळाडूला ‘रनिंग बॅक’, म्हणजे मागच्या फळीतला धावक, असे म्हणतात. चेंडू घेऊन घुसणाऱ्या या धावकावर प्रत्येक खेपेला दोन-तीन धिप्पाड खेळाडू एकदमच आदळतात, त्यामुळे गुडघा, घोटा आणि खांदा यांच्या दुखापती त्याच्या पाचवीलाच पुजलेल्या असतात. साहजिकच त्याच्यामागे दुसरा कोण, तिसरा कोण आणि त्या तिसऱ्याच्या हातून ऐन वेळी चेंडू निसटतो की काय, या प्रश्नांना संघाच्या भवितव्यात मोठे स्थान मिळते. राखीव फळीच्या या दर्जाला तेथे संघाची ‘डेप्थ’, म्हणजे खोली, म्हणतात आणि प्रशिक्षकाने लावलेल्या क्रमवारीच्या तक्त्याला ‘डेप्थ चार्ट’. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांसारख्या हाडवैरी विद्यापीठांचे चाहते आपल्या संघाचा तक्ता अभिमानाने वाचतात, पण प्रतिस्पर्ध्याचा अधिक बारकाईने वाचतात, आणि त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या नावावर आठवडेच्या आठवडे वाद घालतात. हा रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. परंतु राखीव धावक किती बाळगता येतील, त्यांना केव्हा उतरवता येईल, त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलेल आणि त्यांना संघ सोडता येईल का, याविषयीचे नियम जेव्हा जेव्हा बदलले तेव्हा तेव्हा या वादाचे स्वरूपही बदलत गेले, आणि त्या दृष्टीने पाहता चाहत्यांची ही कुजबुज म्हणजे खेळाच्या नियमांचाच इतिहास आहे.

आरंभीच्या काळात असा वाद संभवतच नव्हता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानला जातो. त्यात प्रत्येक बाजूला पंचवीस जण होते आणि चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभाच नव्हती. येल विद्यापीठाचे वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये खेळाडूंची संख्या अकरावर आली, आणि १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाला देण्याचा नियम झाला. यार्ड-यार्ड मोजून पुढे जाण्याचे जे गणित या खेळाच्या चाहत्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याचा उगम या नियमात आहे, आणि धावक हा त्या गणिताचा मुख्य आकडा ठरला. मात्र तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. राखीव खेळाडू हा कोणी जायबंदी झाल्यावर उठणारा माणूस होता, डावपेचाचा भाग नव्हे. १९०५ च्या हंगामात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले, तोवर या खेळातील दमछाक आणि मोडतोड हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला होता.

राखीव फळीचा विचारपूर्वक उपयोग करणाऱ्या प्रशिक्षकांत नोत्र दामचे न्यूट रॉक्नी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी अनेक सामन्यांत पहिला संघ बाहेर बसवून दुसरी फळी आधी उतरवली. ‘शॉक ट्रूप्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या फळीने प्रतिपक्षाला दमवायचे आणि मग ताज्या दमाच्या मुख्य खेळाडूंनी मैदानात यायचे, अशी ती योजना होती. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये नोत्र दामने आर्मीला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाला, १३-७ असे हरवले आणि क्रीडापत्रकार ग्रँटलँड राइस यांनी मागच्या फळीतील चौघांना ‘चार घोडेस्वार’ हे नाव दिले. ते नाव अजरामर झाले, पण त्यांच्याआधी धक्के खाणाऱ्या दुसऱ्या फळीची नावे फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. योगायोग असा की त्याच दिवशी इलिनॉयच्या रेड ग्रेंज यांनी मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेला. एकट्या धावकाच्या पराक्रमाचा आणि राखीव फळीच्या हिशेबी वापराचा, असे दोन आदर्श एकाच शनिवारी समोर आले. त्यांपैकी लोकांच्या मनात पहिला घर करून राहिला, तर खेळाची पुढची वाटचाल दुसऱ्याच्या दिशेने झाली.

ती वाटचाल दुसऱ्या महायुद्धामुळे वेगावली. तोपर्यंत बाहेर गेलेल्या खेळाडूला लगेच परत येता येत नसे; १९४१ मध्ये हे बंधन सैल झाले, आणि १९४५ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी त्याचा असा उपयोग केला की खेळाचे रूपच पालटले. त्या वर्षी आर्मीचा संघ अजिंक्य समजला जाई; डॉक ब्लँचर्ड मधून घुसत आणि ग्लेन डेव्हिस बाजूने पळत, आणि १९४५ व १९४६ चा हाइझमन करंडक, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान, या दोघांनी अनुक्रमे मिळवला. आपल्या कोवळ्या मुलांचा या जोडीपुढे टिकाव लागणार नाही हे ओळखून क्रायस्लर यांनी आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरी अशा दोन तुकड्या केल्या. मिशिगन २८-७ असा हरला, परंतु कल्पना जिंकली. खर्च वाढतो म्हणून १९५३ मध्ये ती नियमाने बंद करण्यात आली आणि १९६५ पर्यंत टप्प्याटप्प्याने पुन्हा खुली झाली. धावकाला बचावाच्या कामातून कायमची सुटका मिळाली ती तेव्हा, आणि ‘यांच्याकडे धावक किती?’ हा प्रश्न अर्थपूर्ण झाला तोही तेव्हाच.

या प्रश्नाला धार आली ती ओहायो आणि मिशिगन या शेजारी राज्यांत. टोलीडो शहराच्या पट्ट्यावरून १८३५ मध्ये दोहोंनी परस्परांवर सैन्य जमवले होते, त्यामुळे वैराला निमित्त शोधावे लागत नव्हते. १९५१ पासून ओहायो स्टेटचे प्रशिक्षक असलेले वुडी हेज हे मिशिगनचे नाव घेण्याचेही टाळत. त्यांचा चेंडूफेकीवर विश्वास नव्हता आणि धावकांच्या बळावर तीन-तीन यार्ड रेटत जाण्याची त्यांची पद्धत तिच्यातून उडणाऱ्या धुळीसह प्रसिद्ध होती. १९६९ मध्ये त्यांचेच जुने शिष्य आणि सहायक बो शेमबेक्लर हे मिशिगनचे प्रशिक्षक झाले, आणि पुढील दहा वर्षे एकाच तालमीत घडलेले दोन संघ एकमेकांना भिडले. दोन्हीकडचा डाव साऱ्यांना ठाऊक असल्यामुळे चाहत्यांना तर्क लढवण्यासाठी उरत असे ते एवढेच, की चेंडू कोणाच्या हाती दिला जाईल.

१९७२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगी मिळाली, आणि या तर्काला एक नवीच दिशा लाभली. त्या हंगामात ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिन या पहिल्या वर्षाच्या धावकाने पहिल्या सामन्यात एकदाच चेंडू घेतला आणि तोही हातातून सोडला. अशा मुलाला दुसऱ्या सामन्यात कोणी मोजले नसते, पण नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध राखीव म्हणून उतरून त्याने २३९ यार्डांची मजल मारली आणि ओहायो स्टेटचा विक्रम मोडला. पुढे १९७४ आणि १९७५ असा दोनदा हाइझमन मिळवणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू ठरला. तरीही ग्रिफिनच्या कारकिर्दीतील अधिक बोधप्रद सामना त्याच्या अपयशाचाच मानावा लागेल. २२ नोव्हेंबर १९७५ रोजी ॲन आर्बर येथे मिशिगनने आपली सारी तयारी त्याच्यासाठी केली, त्याला ४६ यार्डांवर रोखले आणि नियमित हंगामातील सलग ३१ सामन्यांत शंभर यार्ड ओलांडण्याची त्याची मालिका खंडित केली. इतके करूनही सामना २१-१४ असा ओहायो स्टेटने जिंकला, कारण तिन्ही टचडाउन पीट जॉन्सन या फुलबॅकने, म्हणजे एरवी वाट मोकळी करण्याचे काम करणाऱ्या दणकट धावकाने, केले. मिशिगनच्या चाहत्याला प्रतिस्पर्ध्याच्या तक्त्यातील पहिले नाव नव्हे तर दुसरे नाव छळते, त्याचे मूळ अशा दुपारींत आहे.

याच सुमारास दक्षिणेत राखीव धावक ही चैन राहिली नाही, ती गरज झाली. टेक्सासचे सहायक प्रशिक्षक एमरी बेलार्ड यांनी १९६८ मध्ये ‘विशबोन’ ही रचना आणली. तिच्यात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, मागे तीन धावक उभे राहत आणि चेंडू कोणाकडे जाणार हे अखेरच्या क्षणी ठरे. टेक्सासचा हाडवैरी ओक्लाहोमा याने १९७० मध्ये हीच रचना उचलली आणि १९७१ मध्ये सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड धावून काढले. प्रत्येक डावात तीन धावक लागत असतील तर हंगाम निभावण्यास सहा-सात हवेत, हे साधे गणित होते.

मात्र दक्षिणेतील अनेक विद्यापीठांनी आपली खोली स्वतःच्याच हाताने उथळ करून ठेवली होती. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या तेथील प्रमुख विद्यापीठ-संघटनेत कृष्णवर्णीय फुटबॉलपटू पहिल्यांदा उतरला तो १९६७ मध्ये, केंटकीकडून. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅम येथे सदर्न कॅलिफोर्नियाने अलाबामाच्या संपूर्ण गौरवर्णीय संघाला ४२-२१ असे हरवले, तेव्हा सॅम कनिंगहॅम या नवख्या कृष्णवर्णीय फुलबॅकने १३५ यार्ड धावून दोन टचडाउन केले. एका संध्याकाळी दक्षिणेचे डोळे उघडले, अशी आख्यायिका या सामन्याभोवती रचली गेली. ती फार सोयीची आहे, कारण विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्याआधीच संघात घेतले होते आणि त्या रात्री तो केवळ पहिल्या वर्षाला असल्यामुळे बाहेर होता. तरीसुद्धा आपल्याच राज्यातील धावकांना वर्षानुवर्षे नाकारणाऱ्या प्रेक्षकांनी प्रतिस्पर्ध्याच्या धावकांकडे त्या दिवशी वेगळ्या नजरेने पाहिले असावे, एवढे म्हणता येते.

त्यानंतरचा अध्याय पैशाचा आहे. शिष्यवृत्तींच्या संख्येवर देशव्यापी मर्यादा नव्हती तोवर श्रीमंत विद्यापीठे हवे तितके धावक जमवत, आणि काहींना तर ते प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नयेत एवढ्यासाठीच घेतले जाते, असा आरोप होत असे. ही मर्यादा १९७३ मध्ये १०५, १९७८ मध्ये ९५ आणि १९९४ पर्यंत ८५ झाली. चौथ्या धावकावर शिष्यवृत्ती खर्च करायची तर दुसऱ्या कोठल्या तरी जागी माणूस कमी पडणार, अशी स्थिती आल्यामुळे प्रतिस्पर्ध्याने या जागेवर किती जण ठेवले आहेत यावरून त्याच्या भयाचा आणि आत्मविश्वासाचा अंदाज बांधता येऊ लागला. हा अंदाज किती फसवा ठरतो याचे उदाहरण ओक्लाहोमा स्टेटने घालून दिले. १९८७ मध्ये तेथे थर्मन थॉमस हा प्रख्यात धावक होता. तो गेल्यावर शेजारच्या ओक्लाहोमाच्या चाहत्यांना हायसे वाटणे स्वाभाविक होते, पण त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर बसलेला बॅरी सँडर्स १९८८ मध्ये पुढे आला आणि अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड व ३७ टचडाउन अशी, अनेकांच्या मते महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ, कामगिरी करून गेला.

अलीकडच्या नियमांनी तक्ता वाचणे आणखी अवघड केले आहे. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. एक वर्ष केवळ सराव करून हंगाम वाचवण्याच्या पद्धतीला ‘रेडशर्ट’ म्हणतात, आणि २०१८ पासून चार सामने खेळूनही ते वर्ष वाचवता येते, त्यामुळे एखादा अनोळखी धावक नेमका नोव्हेंबरच्या अखेरीस उगवू शकतो. त्याच वर्षी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही, संघ सोडू इच्छिणाऱ्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू झाली, आणि २०२१ पासून पहिल्या स्थलांतरानंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली. परिणामी बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहणारा सँडर्ससारखा दुसरा धावक टिकवणे कठीण झाले. २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा करून दिल्यावर दुखापतींच्या बातमीला बाजारमूल्य आले, आणि मिशिगन व ओहायो स्टेट ज्या बिग टेन संघटनेत आहेत तिने २०२३ पासून सामन्यापूर्वी उपलब्ध खेळाडूंची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. चाहत्यांची कुजबुज अशा रीतीने अधिकृत कागदावर आली.

तो कागद नसतानाच्या या दोघांच्या शेवटच्या लढतीत, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, ओहायो स्टेटच्या घरी कोलंबस येथे प्रेक्षकांना मिशिगनचा मुख्य धावक ब्लेक कोरम आठवड्यापूर्वी गुडघ्याला इजा झाल्यामुळे जेमतेम उभा असल्याचे दिसले. दोनदा चेंडू घेऊन तो बाहेर गेला. त्याच्या जागी हाताला दुखापत असलेल्या डॉनव्हन एडवर्ड्सने २१६ यार्ड काढले, त्यांत शेवटच्या टप्प्यातील ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावा होत्या, आणि मिशिगन ४५-२३ असा जिंकला. दोन वर्षांनी ओहायो स्टेटने पोर्टलमधून क्विनशॉन जडकिन्सला आणून ट्रेव्हियन हेंडरसनच्या जोडीला बसवले. हंगामात दोघांनीही हजार यार्ड ओलांडले, पण ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगनने त्यांना त्यांच्याच घरच्या मैदानावर १३-१० असे नमवले. पुढे जानेवारीत नोत्र दामला हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता झाला, आणि त्या सामन्यात एकट्या जडकिन्सने तीन टचडाउन केले. देशातील सर्वांत खोल समजली गेलेली फळी राष्ट्रीय करंडकाला पुरली, शेजाऱ्याला पुरली नाही.

२०२५ पासून शिष्यवृत्तींची मर्यादा उठवून, खेळाडूंना उत्पन्नात वाटा देणाऱ्या विद्यापीठांसाठी संपूर्ण संघाचीच मर्यादा १०५ ठरवण्यात आली आहे. आकडा १९७३ चाच आहे, परंतु तेव्हा तो केवळ शिष्यवृत्तीधारकांचा होता आणि त्याच्याबाहेर स्वतःचे शुल्क भरून सराव करणारे, ‘वॉक-ऑन’ म्हणवले जाणारे कितीही विद्यार्थी संघात राहू शकत. आता तेही याच आकड्यात मोजले जात असल्याने तक्त्याच्या तळाशी असलेल्या पाचव्या-सहाव्या धावकाची जागा सर्वांआधी धोक्यात आली आहे.