धाराशिव जिल्हा आणि अंकीय नभोवाणी

नभोवाणीचा इतिहास बहुधा ध्वनिक्षेपकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र तो ग्राहकयंत्रांचाही इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९३५ पासून संस्थान सरकारच्या ताब्यात असलेले हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. मध्यम लहरींना मात्र राज्याची सीमा नव्हती. पुढे खुद्द धाराशिव येथे आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र झाले.

अंकीय पद्धतीने या परंपरेत मूलभूत फरक केला. १९९८ मध्ये 'डिजिटल रेडिओ माँडिआल' या पद्धतीसाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व २००३ मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू झाले. तीत ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते अनेक सूक्ष्म वाहक लहरींवर विभागले जातात. आकाशवाणीने हीच पद्धत स्वीकारून मुंबई व पुण्यासह सुमारे ३५ मध्यम लहरी क्षेपक तीस अनुकूल केले. परंतु जुन्या संचाला हे अंक उलगडता येत नाहीत. शिवाय जुन्या पद्धतीत दुर्बल लहरीवरही खरखरीतून शब्द ओळखता येतो. अंकीय लहर विशिष्ट मर्यादेखाली गेली की संच मुका होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. अशा प्रदेशात आपत्तीच्या वेळी ऐकू येणारा अस्पष्ट शब्दही मोलाचा असतो. अंकीय पद्धतीत संकटसूचनेची स्वतंत्र सोय आहे. तथापि स्वस्त ग्राहकयंत्र घरोघर पोचल्यावाचून ती सोय क्षेपकापाशीच राहते. या तंत्राच्या प्रगतीचे मोजमाप म्हणूनच ग्रहणाच्या टोकापासून केले पाहिजे.