खाटेवरून दिसणारा न्यायाचा दिवस

4 ऑगस्ट 1443 रोजी निकोला रोलँ याने एक सनद लिहून दिली. तो बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दिवाण. पूर्व फ्रान्समधल्या बोन या द्राक्षमळ्यांच्या गावात गोरगरीब आजाऱ्यांसाठी इस्पितळ बांधायचं, त्याच्या खर्चाला सालँ गावच्या मिठाच्या उत्पन्नातून वर्षाला हजार लीव्र लावून द्यायचे, दाराशी येणाऱ्या भुकेल्यांना रोज पाव वाटायचा, असा तो संकल्प. हे सारं कशासाठी, तेही सनदेत स्पष्ट आहे: देवाच्या कृपेने हाती आलेली नाशवंत संपत्ती द्यायची आणि तिच्या मोबदल्यात स्वर्गातली, न संपणारी संपत्ती मिळवायची. रोलँने याला सरळ व्यापारच म्हटलं आहे. इस्पितळाची खटपट त्याने त्याआधीपासून चालवली होती. पोप चौथा युजिन याची परवानगी 1441 मध्येच मिळाली होती.

रोलँ तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. ओतँ गावच्या साध्या घरातून आलेला हा वकील 1422 पासून ड्यूक फिलिपचा कारभार पाहत होता. फ्रान्सच्या राजाशी बर्गंडीचं वैर मिटवणारा 1435 चा आरासचा तह घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. या काळात त्याने अफाट माया जमवली. इतक्या लोकांना गरीब केल्यावर त्यांच्यासाठी इस्पितळ बांधणं त्याला भागच होतं, असा टोला फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगतात. टोला झणझणीत आहे, पण त्यावर थांबलं तर त्या काळच्या माणसाचं मन हाती लागत नाही. तहानंतर बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या मुलूख लुटत होत्या, पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग आले होते. मरण रोज दारावरून जात होतं आणि मरणानंतर हिशेब द्यावा लागतो, याबद्दल दिवाणालाही शंका नव्हती आणि भिकाऱ्यालाही.

तो हिशेब कसा होतो, याची शिकवण चर्चने नुकतीच पक्की केली होती. मेल्यावर आत्मा जगाच्या अंतापर्यंत वाट पाहत राहतो की लगेच देवासमोर जातो, यावर चौदाव्या शतकात खुद्द पोपच्या दरबारात वाद झाला. पोप बाराव्या बेनेडिक्टने 1336 मध्ये निकाल दिला की पवित्र आत्म्यांना देवाचं दर्शन लगेच घडतं आणि मोठ्या पापात मेलेले लगेच नरकात जातात. शेवटचा न्याय मात्र उरतोच. त्या दिवशी कबरी उघडतील, देह उठतील आणि सगळ्यांदेखत निवाडा होईल. पश्चात्ताप करून मेलेल्या, पण पापाची भरपाई पुरी न झालेल्या माणसासाठी शुद्धिस्थान होतं. तिथले भोग संपले की स्वर्ग ठरलेलाच. जिवंत माणसांच्या प्रार्थनेने, मिस्सा या चर्चमधल्या उपासनेने आणि दानधर्माने हे भोग हलके होतात, असं 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने पुन्हा ठासून सांगितलं. बोनची सनद त्यानंतर चारच वर्षांनी आली.

त्यामुळे अचानक येणारं मरण सगळ्यांत वाईट. पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला लावायचं अखेरचं पवित्र तेल नाही, घरच्यांचा निरोप नाही. अंथरुणाला खिळून, शुद्धीत, धर्मगुरू उशाशी असताना येणारं मरण हे भाग्य. असं मरण कसं साधावं हे शिकवणारी पुस्तिका 1415 च्या सुमारास तयार झाली. मरणाची कला, असंच तिचं लॅटिन नाव. पॅरिसचे धर्मपंडित जाँ जेर्सों यांच्या लिखाणाचा तिला आधार होता. 1450 च्या सुमारास तिची छोटी आवृत्ती लाकडी ठशांच्या अकरा चित्रांसह निघाली आणि वाचता न येणाऱ्यांच्याही हाती गेली. या चित्रांत सैतान मरणाऱ्याला पाच मोहांत पाडतो: श्रद्धा डळमळीत करणं, निराशा, चिडचिड, स्वतःच्या पुण्याईचा गर्व आणि मालमत्तेची ओढ. दर मोहाच्या चित्राला जोड म्हणून देवदूत धीर देतानाचं चित्र, आणि शेवटी सुखाने प्राण सोडणारा माणूस. मालमत्तेच्या चित्रात भुतं खाटेभोवती जमून बोटं दाखवतात. एक नोकर घोडा तबेल्यात नेतो आहे, तळघरात दारूची पिंपं ओळीने लावलेली आहेत. बोनसारख्या गावातल्या माणसाला ती पिंपं ओळखीची वाटली असणार.

बोनच्या इस्पितळाने हीच शिकवण दगड, लाकूड आणि रंगांत उतरवली. 1 जानेवारी 1452 रोजी पहिले रुग्ण आत आले. गरिबांचं दालन सुमारे 50 मीटर लांब आणि 16 मीटर उंच आहे. छत पालथ्या घातलेल्या जहाजाच्या तळासारखं, आणि आडव्या तुळयांची टोकं रंगवलेल्या राक्षसांच्या जबड्यात धरलेली. दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा होत्या. एकेका खाटेवर दोघा-दोघांना निजवत. दालनाच्या टोकाला जाळीदार लाकडी पडदा आणि त्यापलीकडे देवघर. वेदी त्याच छताखाली असल्याने आजाऱ्याला पडल्या पडल्या मिस्सा ऐकता येई.

वेदीवर रोलँने ब्रसेल्सचा चित्रकार रोगिर व्हान डर वेडेन याच्याकडून करवून घेतलेलं चित्र होतं. नऊ लाकडी फळ्यांवरच्या पंधरा चित्रांचं हे काम उघडल्यावर साडेपाच मीटर रुंद होतं. एरवी ते मिटलेलं असे. बाहेरच्या बाजूला रोलँ आणि त्याची बायको गिगोन गुडघे टेकून बसलेली, मध्ये प्लेगपासून राखणारे संत सेबास्टियन आणि अंगाची आग करणाऱ्या रोगावर ज्यांचा धावा करीत ते संत अँथनी. रविवारी आणि सणांना फळ्या उघडत, आणि बाहेरच्या करड्या रंगाच्या जागी सोनं आणि लाल रंग झळके. अंतिम न्यायाचा दिवस.

इंद्रधनुष्यावर ख्रिस्त बसला आहे, त्याच्या एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला तलवार. खाली मोरपिसाच्या डोळ्यांचे पंख असलेला देवदूत मीखाएल तराजू धरून उभा आहे आणि थेट बघणाऱ्याकडे पाहतो. एका पारड्यात पुण्य, दुसऱ्यात पाप, आणि पापाचं पारडं खाली गेलेलं आहे. भेगाळलेल्या जमिनीतून उघडी माणसं वर येताहेत. डावीकडे थोडेच जण स्वर्गाच्या सोनेरी दाराकडे निघाले आहेत, उजवीकडे बाकीचे एकमेकांना ओढत आगीत कोसळताहेत. त्या काळच्या न्यायाच्या चित्रांत भाले घेतलेल्या भुतांची गर्दी असते. रोगिरने एकही भूत काढलेलं नाही. दोषी लोकांना कुणी ढकलत नाही, त्यांची पापंच त्यांना खाली नेतात. माझ्या मते या चित्राची खरी ताकद यातच आहे. खाटेवरच्या माणसाला बाहेरच्या शत्रूचं भय दाखवून चित्र थांबत नाही, त्याला स्वतःच्या आयुष्याकडे बघायला लावतं. आणि अजून वेळ आहे, धर्मगुरू हाकेच्या अंतरावर आहे, हेही त्याच दालनात त्याला ठाऊक असतं.

या व्यापारात गरिबाचं स्थान मोठं होतं. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची विचारपूस, परक्याला आसरा, हे ख्रिस्तालाच दिल्यासारखं आहे आणि न्यायाच्या दिवशी नेमकं हेच विचारलं जाईल, असं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. म्हणून उपकाराचं ओझं फक्त एका बाजूला नव्हतं. दिवाण गादी, रस्सा आणि औषध पुरवणार, बदल्यात खाटेवरचा अनोळखी माणूस त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार. अशा समाजात भिकाऱ्याच्या प्रार्थनेला दिवाणाच्या नाण्याइतकीच किंमत होती.

रोलँ 1462 मध्ये ओतँला वारला. गिगोनने त्यानंतर स्वतःला इस्पितळाच्या कामाला वाहून घेतलं. ती 1470 मध्ये गेली आणि तिला त्याच देवघरात, रुग्णांच्या खाटांपासून काही पावलांवर पुरलं. दोघांच्या नावांची आद्याक्षरं तिथल्या फरशांवर अजून दिसतात.

पुढच्या शतकात शुद्धिस्थानाच्या कल्पनेवरच घाव पडला. मृतांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या क्षमापत्रांविरुद्ध मार्टिन लूथर 1517 मध्ये उभा राहिला, आणि मेलेल्यांसाठी जिवंत माणसाला काही करता येतं ही समजूतच प्रॉटेस्टंट मुलखांनी टाकून दिली. इंग्लंडमध्ये 1547 च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा म्हणण्याच्या देणग्या जप्त झाल्या. बोन कॅथलिकच राहिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत चित्र माळ्यावर लपवलं गेलं. पुढे कुणाला तरी उघडी माणसं खटकली, म्हणून त्यांच्यावर कपडे रंगवले गेले. 1875 ते 1878 च्या दुरुस्तीत तो रंग बराचसा निघाला.

इस्पितळ 1971 पर्यंत त्याच इमारतीत चाललं, मग रुग्णांना नव्या वास्तूत हलवलं. दालनात आता खाटा मांडून ठेवल्या आहेत, चित्र त्याच इमारतीतल्या एका अंधाऱ्या खोलीत आहे. शतकानुशतकं लोकांनी इस्पितळाला द्राक्षमळे दान दिले. आज ते सुमारे 60 हेक्टर आहेत. 1859 पासून त्यांच्या वाइनचा लिलाव होत आला आहे, हल्ली तो दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि त्याचा पैसा आजही बोनच्या रुग्णसेवेला जातो.