स्ट्रँडचे मिटलेले दार

विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तक चाळताना टी. एन. शानभाग यांना हटकण्यात आले. तो अपमान त्यांच्या मनात राहिला. त्यातूनच १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ सुरू झाला. पुढे तो फोर्टमध्ये आला. वाचकाने पुस्तके मनसोक्त हाताळावीत आणि सवलतीत घ्यावीत, ही तेथली रीत. २००३ मध्ये शानभागांना ‘पद्मश्री’ मिळाली. २००९ मध्ये ते निवर्तले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानही बंद झाले.

बोनकोड्याहून निघून, वाशीला गाडी बदलून आम्ही तेथे जात असू. दुकान मिटल्यावर हळहळणाऱ्यांत आम्हीही होतो. मात्र तेथे पाहिलेले पुस्तक घरी बसून, संगणकावरून अधिक स्वस्तात मागवणारेही आम्हीच होतो. वाचकाला ग्रंथ परवडावा म्हणून स्ट्रँडने जी सवलत दिली, तिचीच चटक आम्हाला स्ट्रँडपासून दूर घेऊन गेली. अशा वेळी बाजाराला दोष देणे सोपे असते. परंतु हटकल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याने पुस्तक उघडून पाहण्याचा जो हक्क वाचकांना मिळवून दिला, तो आम्ही कोणी न हटकताच सोडून दिला.