मुंबईचा सर्व्हर सिंगापुरात

परवा पनवेलला घरी व्हीपीएनच्या यादीतून ‘मुंबई’ निवडलं. पिंग ७० मिलिसेकंद! मुंबई काय एवढी लांब आहे? सपोर्टला विचारलं. उत्तर: ‘व्हर्च्युअल लोकेशन.’ म्हणजे आयपी भारतातला, मशीन सिंगापुरात.

याला कारण २८ एप्रिल २०२२ चा सर्ट-इनचा आदेश. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी, इतकंच काय, व्हीपीएन कशासाठी घेतला तेही कंपनीने जपायचं. तो सोडून गेल्यावरही ५ वर्षं! जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएनने इथले सर्व्हर काढले, मग सर्फशार्क आणि नॉर्डनेही.

सरकारी नोंद टळली खरी, पण आता भरवसा परक्या कंपनीच्या शब्दावर. ‘लॉग ठेवत नाही हे तपासलंय कुणी?’ मी विचारलं. ऑडिटची लिंक आली. रविवारी वाचतो.