मिठागर पाहून आलो

मेहरूणच्या तलावाकाठी वाढलेल्या आम्हां मंडळींना मीठ ठाऊक ते वाण्याच्या दुकानातले. म्हणून संघटनेतले आम्ही सात-आठ जण शिरोड्याचे मिठागर पाहावयास निघालो, तेव्हा घरच्यांनी विचारलेच, "मीठ ही का पाहावयाची वस्तू?" पोलंडात व्येलिच्का येथील मिठाची खाण पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. जमिनीखाली शंभर मीटरांवर खाणकामगारांनी १८९६ पासून मिठातच एक प्रार्थनामंदिर कोरले, झुंबरेदेखील मिठाची. तेथे कामगाराचा हात दिसतो. शिरोड्यास उघड्यावर आखलेले वाफे आहेत, आणि ऊन.

भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत आटवावयाचे, शेवटच्या वाफ्यात खडे धरले की लाकडी फावड्याने ओढून बांधावर रास करावयाची. सांगावयास एवढेच. पण त्याआधी, पावसाळा सरल्यावर, गाळ काढावा लागतो, तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. आणि मग हंगामभर खाऱ्या पाण्यात उभे राहावयाचे. पायाला भेग असली की त्या पाण्याची ओळख पटते. आमच्यापैकी एकाने चपला काढून पाहिले. पाचव्या मिनिटाला तो बांधावर आला.

एका वृद्ध कामगाराने विचारले, "बघूक इलात, की मीठ घेवक?" आम्ही सवयीप्रमाणे उलट विचारले, "बाबा, तयार मिठावर अवकाळी पाऊस पडला तर?" त्यांनी आभाळाकडे बोट दाखविले आणि पुन्हा फावडे ओढू लागले.

वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ याच गावी शिक्षक होते, हे वाचकांना ठाऊक असते. १९३० च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला, माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, तेही. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु मे म्हणजे हंगामाची अखेर. ज्या मिठाला सत्याग्रहींनी हात घातला, ते कोणीतरी महिनोन् महिने राबून ओढलेले होते. त्या कोणाचे नाव आमच्या वाचनात आले नाही.

आपल्या खानदेशालाही हा इतिहास परका नाही. मुंबई इलाख्यातले कमी कराचे मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने जकातीची रेषा आखली होती. सिंधूपासून महानदीपर्यंत दोन हजारांवर मैल, पहाऱ्यावर सुमारे बारा हजार माणसे! तिचा मोठा भाग म्हणजे जिवंत काटेरी कुंपण, आणि ते आपल्या रावेरपुढच्या बऱ्हाणपूरपर्यंत आले होते. ते काटे लावणारे, जगविणारे मजूर आमच्याच जातकुळीचे, म्हणजे राबणाऱ्यांच्या. १८७९ साली रेषा मोडली. मिठावरचा कर मात्र १९४७ पर्यंत टिकला.

निघताना आम्ही चार पिशव्या मीठ विकत घेतले. बाबांच्या प्रश्नाला तेवढेच उत्तर जवळ होते. मेहरूणला पोहोचेतो एका पिशवीला पाणी सुटले होते.